वांग्याचे चार हात

गोवर्धनला वाईट माणूस म्हणायची सोय नाही, हीच सगळी अडचण आहे. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उगारलेला कुणी पाहिला नाही. चांदूर रेल्वेजवळच्या वस्तीत भाजीच्या वाडीत राबायचं, बाजारात तोलून झाल्यावर वर चार भेंड्या जास्तीच्या टाकायच्या, असा हा गडी. अशा माणसाच्या हातून पोटच्या पोरीचे डोळे गेले आणि वर तो खोटं बोलला, हे पचायला जड जातं. दुष्ट माणसाचं एक बरं असतं, त्याला शिव्या घालून मोकळं होता येतं.

झालं ते असं. वानरांचा कळप वाडीत शिरला की टमाट्यांचा नुसता चिखल करतो. खातात थोडं, नासतात फार. म्हणून तिकडच्या सगळ्या वाड्यांवर पाइपच्या बंदुका आल्या. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइडचे खडे, त्यावर पाणी आणि मागे स्वयंपाकघरातलं लायटर. दणदणीत आवाज होतो, वानरं पळतात आणि दोन दिवसांनी हसत परत येतात. ते लायटर एका दाबण्यात क्वचितच पेटतं, त्यामुळे दोन-तीनदा टक टक करायची सगळ्यांच्या बोटांना सवय झालेली असते. दिवाळीच्या आधीच्या एका संध्याकाळी पहिल्या दाबण्यात काही झालं नाही. गोवर्धननं पोरीला, दीपमालेला, सांगितलं की जरा तोंडाकडून बघ, कचरा अडकला का. ती वाकली. आणि त्याच्या बोटानं, त्याला न विचारता, पुन्हा दाबलं.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. गोवर्धन म्हणाला, आपोआप उडालं. पहिल्यांदा तो पोलिसांच्या भीतीनं बोलला. दुसऱ्यांदा बोलला तेव्हा बायको, माणिकबाई, समोर कपाळ बडवून घेत होती. तिसऱ्यांदा बोलला कारण दोनदा बोलून झालं होतं. पोरीलाही तेच सांगितलं. डाव्या डोळ्याचं काही उरलं नव्हतं आणि उजव्याला दिवस आहे की रात्र एवढंच कळत होतं. पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत तिनं ते ऐकून घेतलं आणि मान हलवली.

वस्तीनं मग त्यात आपली भर घातली. पोरगी आगाऊ, बंदुकीत डोकावली, असं दोन-चार तोंडांतून फिरलं आणि पक्कं झालं. गोवर्धनची आत्या पार्बताबाई तर भेटायला आली तीच हे बोलत. भरल्या घरात, पोरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की पोरीच्या जातीला बंदुकीशी काय करायचं होतं, आता आयुष्यभर आईबापाच्या गळ्यात पडली. गोवर्धन तिथंच बसला होता. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो कपात बघत राहिला.

दीपमाला दहावीत होती. हेडमास्तरांनी सांगितलं की अशा मुलांना विज्ञानाऐवजी सोपा विषय घेता येतो, घेऊन टाका. त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, पण तिला राग आला. विज्ञान सोडलं तर मी संपली असं जे लोक म्हणतात ते खरं ठरेल, असं ती म्हणाली आणि अर्जावर सही करायला तयार झाली नाही. अकरावीला अकोल्यात जठारपेठेत राहणाऱ्या सूर्यभानमामाकडे जायचं आणि सायन्सच घ्यायचं, हे तिचं डोळे जायच्या आधीच ठरलेलं होतं. ते तिनं तसंच धरून ठेवलं.

परीक्षेत लिहून द्यायला लेखनिक मिळतो, पण तो खालच्या वर्गातला लागतो. म्हणून चुलत बहीण करिश्मा ठरली, नववीतली. करिश्मा जे सांगाल तेवढंच लिहिणार. म्हणजे सूत्र सांगायचं तर कोणतं अक्षर, कोणता आकडा, तो आकडा कोणाच्या पायाशी, सगळं दीपमालेच्या डोक्यात पक्कं हवं. आणि वाचून दाखवायचं कोणी? माणिकबाईला बसवरच्या पाट्यांपुरतं वाचता येतं. करिश्मा रविवारीच यायची. मोबाइलवरचे शिकवणारे सर दर वाक्याला ‘हे इथे बघा’ म्हणायचे, ते ऐकून दीपमालेनं मोबाइल उशीखाली ढकलला. राहिला गोवर्धन. तो दुसऱ्या खेपेला दहावी पास झालेला, आणि तेही ज्या वर्षी त्यांच्या केंद्रावर सगळेच पास झाले त्या वर्षी.

तरी तो बसला. बाजारातून आला की हातपाय धुवायचे, वाडीतल्या मांडवात पोरीसमोर पुस्तक उघडायचं. इतिहास, भूगोल जमून गेलं. रसायन आलं आणि बापलेक दोघंही अडकली. संयुजा म्हणजे काय ते पुस्तकात चार ओळींत दिलं होतं. त्या चार ओळी त्यानं इतक्यांदा वाचल्या की तोंडपाठ झाल्या, पण कळल्या नाहीत. शाळेत असताना त्यालाही कोणी कळू दिल्या नव्हत्या. या अक्षराच्या डोक्यावरचा आकडा तिरपा खाली उतरवायचा, त्या अक्षराचा इकडे, झालं सूत्र, एवढीच युक्ती त्याला माहीत होती. फळ्याकडे बघू शकणाऱ्याला ती पुरते. दीपमाला विचारायची, तिरपा कशाला, आणि तो म्हणायचा, तसंच असतं.

शेवटी विज्ञानाच्या पौर्णिमा मॅडमना त्यानं बाजारात गाठून विचारलं. मॅडम मेथी निवडत होत्या. त्यांनी सांगितलं, संयुजा म्हणजे अणूचे हात समजा. कोणाला एक, कोणाला दोन, कोणाला चार. कोणाचाही एकसुद्धा हात रिकामा राहिला नाही, की जमलं सूत्र. गोवर्धन तिथून परतला तो थेट टोपल्यांपाशी गेला. कार्बन म्हणून वांगं घेतलं आणि त्याला खराट्याच्या चार काड्या टोचल्या. ऑक्सिजन म्हणजे टमाटर, दोन काड्या. हायड्रोजनला बोर, एकच काडी. कॅल्शियमला कांदा, दोन काड्या. अ‍ॅल्युमिनियमला बटाटा, तीन. आता पोरीच्या बोटांना सगळं वेगवेगळं लागत होतं. टमाटर गुळगुळीत, कांद्याचं टरफल सुटणारं, बटाट्याला माती.

पहिल्या दिवशी तिनं एका टमाटराला दोन बोरं लावली, चाचपून पाहिलं, एकही काडी मोकळी नव्हती. हे पाणी का, तिनं विचारलं. दवाखान्यानंतर पोरीच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला होता. मग बटाटे आणि टमाटरं तिच्यापुढे ठेवली. एक बटाटा, एक टमाटर, बटाट्याचा हात उरतो. दोन बटाटे, दोन टमाटरं, तरी उरतात. दोन बटाटे आणि तीन टमाटरं झाल्यावर सगळे हात अडकले. आकडा तिरपा का उतरतो ते तिनं बापाला समजावून सांगितलं, आणि इतक्या वर्षांनी ते त्यालाही कळलं. घरात त्या दिवसांत थोडं हसू आलं होतं. माणिकबाई काड्या टोचलेलीच वांगी चिरून भाजी करायची.

आणि तेव्हाच गोवर्धनला पुढचा धडा दिसला.

बाजारात गिऱ्हाईक नसलं की तो आदल्या दिवशीच पुढचं वाचून ठेवायचा. कार्बनी संयुगांचा धडा होता. त्यात इथाइन नावाचा वायू होता, तो पेटवला की कसा जळतो ते होतं, आणि गाइडमध्ये त्याखाली प्रश्न होता की कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकल्यास काय होते. गोवर्धननं पुस्तक मिटलं. त्या पानांवर त्याचं नाव तेवढं नव्हतं. पोरगी आता नुसतं पाठ करत नव्हती, प्रत्येक गोष्टीचं कारण विचारत होती, आणि विचारायला त्यानंच शिकवलं होतं. हा धडा तिच्या हातात दिला तर ती कुठे जाऊन पोचेल ते त्याला स्पष्ट दिसत होतं.

त्यानं सांगितलं, हा धडा या वर्षी परीक्षेला नाही. ती बरं म्हणाली.

आठवड्याभरात ती माणिकबाईबरोबर शाळेत जाऊन आली. पौर्णिमा मॅडमनी बोलता बोलता सांगितलं की कार्बनचा धडा नीट कर, त्यावर हमखास येतं. घरी आल्यावर दीपमालेनं बापाला सांगितलं, तुमची पाहण्यात चूक झाली, धडा हाय परीक्षेले. तिच्या आवाजात जराही राग नव्हता. बापाची चूक झाली, माणसाची होते, एवढंच तिला वाटत होतं. गोवर्धनला ते ऐकवलं नाही, पण त्यानं पुस्तक उघडलं.

वाचता वाचता तो गडबडीनं पुढे सरकायचा आणि ती थांबवायची. इथाइनपाशी तिनं दोन वांगी मागितली. दोन वांग्यांचे तीन तीन हात एकमेकांत, उरलेल्या एकेका हाताला एकेक बोर. जमलं. मग गाइडमधला प्रश्न आला. त्यानं तो गाळला. तिनं विचारलं, प्रश्न नाहीत का या धड्याखाली? त्यानं वाचला.

तिनं हातातलं वांगं फिरवून पाहिलं. मग म्हणाली, आपल्या बंदुकीतलं कार्बाइड ते हेच का. हो, म्हणाला. सूत्र तिनं स्वतःच करायचं ठरवलं. कांद्याला दोन हात, वांग्याला चार, म्हणजे दोन कांदे आणि एक वांगं. पुस्तकात तसंच आहे ना, तिनं विचारलं. पुस्तकात उलटं होतं, एक कॅल्शियम आणि दोन कार्बन. गोवर्धनला सुटका झाल्यासारखं वाटलं. छपाईची चूक असेल, सोडून दे, म्हणाला. तिनं सोडलं नाही. एक कांदा आणि दोन वांगी मांडीवर घेऊन ती बसली. काड्या काढायची, लावायची, पुन्हा काढायची. गोवर्धन तिच्या बोटांकडे बघत होता आणि मनातल्या मनात देवाला म्हणत होता की हिला हे जमू देऊ नको. स्वतःच्या पोरीसाठी असलं मागणं कोणत्या बापानं मागितलं असेल?

तिला जमलं. दोन्ही वांग्यांनी तीन तीन हातांनी एकमेकांना धरायचं, मघासारखंच, आणि उरलेला एकेक हात कांद्याला द्यायचा. छपाई बरोबर होती. आता पाणी, ती स्वतःशीच बोलली. कांदा ओढून काढला, त्याच्या जागी पाण्यातली दोन बोरं लावली. कांद्याचे मोकळे हात पाण्यातल्या टमाटरांकडे गेले. मांडीवर राहिलं ते इथाइन होतं. तिनं ते वरून खालून चाचपून पाहिलं.

“हाच वायू भरला होता पाइपात,” ती म्हणाली. “हा पेटला.”

गोवर्धन म्हणाला, हो, हाच.

“पन कोनं पेटवला?”

मांडवात बाहेरून वाडीतल्या पाण्याचा आवाज येत होता. गोवर्धन म्हणाला की पाणी पडलं की त्यातून उष्णता निघते, पुस्तकात तसं लिहिलं आहे, त्या गरमीनं पेटलं असेल. हे त्यानं बाजारात बसून आधीच शोधून ठेवलं होतं.

दीपमालेनं वांगी खाली ठेवली.

“गरमीनंच पेटत असतं तर तुमाले लायटर काहून लावा लागते, बाबा?”

ती हळूहळू बोलू लागली, सूत्र सांगताना बोलायची तशीच, एकेक शब्द जागेवर ठेवून.

“मले टक असा आवाज आला होता. मंग जाळ आला. तुमी म्हटलं आपोआप उडालं. मले वाटलं, माया कानाले भास झाला असन. इतके दिवस मले तेच वाटून राहिलं.”

“म्या दाबलं,” गोवर्धन म्हणाला. “सवयीनं दाबल्या गेलं. मले समजलंच नाई.”

“पाह्य म्हून तुमीच सांगतलं होतं.”

“हो.”

तो रडायला लागला. मोठा माणूस रडला की समोरच्यानं काही तरी म्हणायचं असतं. तिनं त्याचं रडणं संपू दिलं.

“दाबलं त्याचं म्या समजून घेतलं असतं,” ती मग म्हणाली. “बोट हाय, चुकते. पन पार्बताआजी मले बोलली तवा तुमी तिथंच होते. मले तुमच्या कपाचा आवाज येत होता. सारी वस्ती मले आगाऊ म्हणे आन तुमी आयकत बसले.”

यावर माफी मागायची असते, हे गोवर्धनला कळत होतं. तो खाली पडलेल्या काड्या गोळा करत राहिला. तिनंही वाट पाहिली नाही.

“परीक्षा होईलोक वाचा,” ती म्हणाली. “मले दुसरं कोनी नाई. त्याच्यानंतर मी तुमच्याशी बोलणार नाई. आता पुढचा प्रश्न वाचा.”

त्यानं डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न वाचला.

दुसऱ्या दिवशी त्यानं माणिकबाईला सगळं सांगितलं. तिनं भांडण केलं नाही, ती नुसती उठून वाडीत गेली आणि अंधार पडेपर्यंत निंदण करत राहिली. मग तो पार्बताबाईकडे गेला आणि अंगणात बसलेल्या चार बायकांसमोर म्हणाला, की पोरीची काही चूक नव्हती, मी दाबलं. पार्बताबाई म्हणाली, आता उकरून काय मिळते, पोरीची बदनामी झाकायले बाप सोतावर घेते, चांगलं हाय. वस्तीनं हेच धरून ठेवलं. पोरगी आगाऊ ती आगाऊच राहिली, गोवर्धन मात्र आणखी भला माणूस झाला. खरं सांगायलाही वेळ असते आणि ती त्यानं चहा पिण्यात घालवली होती.

हे सगळं त्यानं दीपमालेला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पुढचं वाचा.

मग तो वाचत राहिला, पण आता त्याचं वाचणं मंदावलं. ज्या माणसानं एक अख्खा धडा लपवायचा प्रयत्न केला, तोच आता झालेले धडे पुन्हा काढू लागला. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड एकदा परत करून बघ, म्हणायचा. मीठ कर, चुना कर, खाण्याचा सोडा कर. सोड्याला चार टोपल्यांतल्या भाज्या लागायच्या, त्यात वेळ जायचा. परीक्षा जवळ आल्या की इतर आईबाप देवाला म्हणतात, एकदाची होऊन जाऊ दे. गोवर्धन कॅलेंडरच्या बाजूनं जायचाच नाही. दीपमालेला ते कळत होतं. हे झालं हाय, ती म्हणायची, पुढचं. ती त्याच्याशी धड वागत होती, विचारलं तेवढं बोलत होती, पाणी दिलं तर घेत होती. गुरुजींशी वागावं तशी.

विज्ञानाच्या पेपराला तो केंद्राच्या फाटकाबाहेर उभा राहिला. करिश्मा बाहेर आली ती हात झटकतच. दीपमाला पाढे म्हणावेत तशी सूत्रं सांगत होती, लिहिता लिहिता हात दुखला, असं ती म्हणाली. एका सूत्रात करिश्मानं आकडा पुढे लिहिला तर दीपमालेनं पेनाचा आवाज ऐकून विचारलं, आकडा पायाशीच दिला ना? खोडून नीट करून घेतलं. गोवर्धननं पोरीला विचारलं, कार्बनचं आलं होतं का. आलं होतं, ती म्हणाली. बरोबर लिहिलं का? लिहिलं. एवढं बोलून ती करिश्माच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागली. त्याला तेवढंही पुष्कळ वाटलं, कारण अजून भूगोल राहिला होता.

भूगोलाच्या आदल्या दिवशी त्यानं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. घसा बसला तरी वाचत होता. शेवटचं पान संपलं तेव्हा मांडवात उजेड होता अजून. आणखी काही वाचू का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, झालं बाबा सगळं. बाबा हा शब्द तिनं नेहमीसारखाच उच्चारला. त्यात राग नव्हता, माया होती की नव्हती ते त्याला ठरवता आलं नाही. तो पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिला आणि ती घराच्या भिंतीला हात लावत आत गेली.

पेपर सुटल्यावर तिघं ऑटोत बसली, मधे करिश्मा. रस्त्याला दोन्हीकडे तुरीची रिकामी वावरं होती. पोरं परीक्षा संपल्याची आरडाओरड करत सायकलींवरून पुढे जात होती. गोवर्धननं विचारलं, कसा गेला पेपर. दीपमाला काही बोलली नाही. ऑटोच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं समजून त्यानं जरा मोठ्यानं पुन्हा विचारलं. तिचा चेहरा शांत होता, ओठ मिटलेले. तिनं ऐकलं होतं.

करिश्मानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग तीच म्हणाली, “सोपा गेला, काका.”

गोवर्धननं मान हलवली. वस्ती जवळ येईपर्यंत तो रस्त्याकडे बघत राहिला. मग करिश्माकडे झुकून हळूच म्हणाला, “तिले भूक लागली का, विचार.”